कोल्हापूरहून ओपन वॉटर डायव्हर: फॉर्म भरण्यापासून घाट चढेपर्यंत

मालवणला जाऊन स्कूबा करून आलेला माणूस कोल्हापुरात गल्लोगल्ली भेटतो. अनुभव म्हणून ते चांगलंच आहे, पण त्यात एक जण मागून तुमचं सिलिंडर धरून असतो. किती खोल जायचं, हवा किती उरली, वर कधी यायचं, हे सगळं तोच ठरवतो. मला हवं होतं ते वेगळं होतं. आपली हवा आपण बघायची, जोडीदारावर लक्ष ठेवायचं आणि 18 मीटरपर्यंत रीतसर उतरायचं. या पहिल्या पूर्ण पायरीला ओपन वॉटर डायव्हर म्हणतात. माझं वय पंचेचाळीसच्या पुढचं, सोबत चौदा वर्षांचा भाचा. जुलैत चौकशी सुरू केली, नोव्हेंबरअखेर दोघांची कार्डं आली. मधल्या काळात कोल्हापुरात विचारायला माणूस मिळेना, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पावसाळ्यात कोकणातलं डायव्हिंग बंद असतं, ते ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा सुरू होतं. हाच काळ कागदपत्रं, डॉक्टर आणि पोहण्याचा सराव यांसाठी वापरावा. ऑक्टोबरात चौकशी सुरू केली तर वैद्यकीय फॉर्मपायी निम्मा हंगाम निघून जातो.

फोन करताना पहिला प्रश्न विचारायचा तो प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा: पॅडी, एसएसआय, नावी की सीमास? चारही चालतात. या पातळीसाठी ISO 24801-2 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि मोठ्या संस्थांचे कोर्स त्याला धरून असतात. दुसरा प्रश्न इन्स्ट्रक्टरच्या सभासद क्रमांकाचा. तो संस्थेच्या वेबसाइटवर तपासता येतो. क्रमांक द्यायला कोणी कां-कूं केली तर तिथेच थांबावं. तिसरा प्रश्न दिवसांचा. पॅडीच्या नियमाप्रमाणे समुद्रातले चार डाइव्ह किमान दोन दिवसांत विभागावे लागतात, त्याआधी पोहण्याच्या तलावातली पाच सत्रं असतात आणि थिअरी वेगळी. एका ठिकाणी मला शनिवार-रविवारमध्ये तलावासकट सगळं उरकून देतो असं सांगितलं. दोन दिवसांत नवख्या माणसाचं हे सगळं नीट होत नाही. चौथा प्रश्न माणसांचा. समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त आठ विद्यार्थी चालतात, पण हा आकडा स्वच्छ पाण्यातला समजावा. कोकण किनाऱ्यावर चार-पाच मीटरच्या पलीकडचं दिसत नाही असे दिवस असतात, तेव्हा आठ जणांवर नजर ठेवणं कुणालाही जमणार नाही. आमच्या गटात एका इन्स्ट्रक्टरला तिघेच होते. शेवटचा प्रश्न: बोटीवर ऑक्सिजनचा संच असतो का, आणि तो वापरायचं प्रशिक्षण कुणाला आहे? या प्रश्नावर समोरचा किती सहज उत्तर देतो त्यावरून बरंच कळतं.

कोर्सची फी माणशी 28,000 रुपये ठरली. त्यात ऑनलाइन थिअरी, भाड्याचं साहित्य, बोट आणि प्रमाणपत्राचं शुल्क होतं. राहणं-जेवण वेगळं. पैसे भरण्याआधी 'प्रमाणपत्राचं शुल्क धरून का?' हे लेखी विचारून घ्या, काही ठिकाणी ते शेवटी वेगळं लावतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो वैद्यकीय फॉर्ममध्ये. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. सगळ्यांना 'नाही' असेल तर सही करून मोकळं. 3, 5 किंवा 10 यांपैकी एकालाही 'हो' आलं तर थेट डॉक्टरांची मंजुरी लागते. तिसरा प्रश्न मध्यम व्यायाम झेपतो का याचा, पाचवा गेल्या वर्षभरातल्या शस्त्रक्रियेचा, दहावा नियमित औषधांचा. बाकीच्या प्रश्नांना 'हो' असेल तर पुढच्या पानावरच्या त्या-त्या चौकटीतले प्रश्न भरायचे आणि तिथे 'हो' आलं तरच डॉक्टरांकडे जायचं. पंचेचाळिशी ओलांडली की चौकट बी: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घरातला हृदयविकार. मला रक्तदाबाची रोजची गोळी चालू असल्यामुळे डॉक्टर अटळ होते.

इथे एक मोह होतो. 'गोळी तर एकच आहे, नाही लिहून टाक' असं सांगणारे भेटतात. तसं करू नका. पाण्यात पोहताना, बोटीच्या शिडीवर सामानासकट चढताना हृदयावर एकदम ताण येतो, आणि तिथून दवाखाना लांब असतो. फॉर्म आपल्याच जिवासाठी आहे.

आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "डायव्हिंगचं मला फारसं माहीत नाही, काय तपासायचं ते घेऊन या." आपल्याकडे बहुतेक डॉक्टर हेच म्हणतील आणि ते प्रामाणिकपणाचं आहे. फॉर्मसोबत डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचनाही इंटरनेटवर मिळतात. त्या छापून नेल्या, मग काम पुढे सरकलं. राजारामपुरीत एमडी डॉक्टरांनी ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्ट करायला सांगितली, गोळी कोणत्या गटातली ते पाहिलं. बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी श्रमाच्या वेळी नाडी हवी तेवढी वाढत नाही, म्हणून त्यावर ते जास्त अडून बसतात. माझी गोळी त्या गटातली नव्हती. मग कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीतून पाहत नाक दाबून हलकेच फुंकर मारायला लावली. पडदा बाहेर हलतो का हे ते बघत होते. कानातला मळही काढून घेतला. सगळ्या तपासण्या आणि फिया धरून साधारण साडेचार हजार रुपये आणि जवळजवळ तीन आठवडे लागले.

एक बारकावा. डॉक्टर आपल्या लेटरहेडवर 'फिट फॉर डायव्हिंग' लिहून देतात, पण ते पुरत नाही. फॉर्मचं डॉक्टरांसाठीचं जे पान आहे त्यावरच 'अप्रूव्ह्ड' या चौकटीत खूण, सही, शिक्का, तारीख हवी. भाच्याच्या फॉर्मवर आई-वडिलांची सही लागली. मामाची चालली नाही, हे आधीच विचारून घेतल्यामुळे कागद पुन्हा पाठवावे लागले नाहीत.

पोहण्याची अट तशी सोपी आहे. 200 मीटर कुठल्याही पद्धतीने, वेळेची मर्यादा न ठेवता, किंवा मास्क-स्नॉर्केल-फिन्स लावून 300 मीटर. शिवाय 10 मिनिटं आधाराशिवाय तरंगणं. जलतरणपटू वीरधवल खाडेच्या गावात पोहायला शिकवणारे कमी नाहीत. अंबाई टँकवर सकाळी जात राहिलो. वेगापेक्षा दम न लागता सावकाश पोहणं आणि पाठीवर निवांत पडून राहणं याचा सराव करा, पुढे तेच कामाला येतं.

ऑनलाइन थिअरी सप्टेंबरात सुरू केली. पाच प्रकरणं, प्रत्येकाखाली चाचणी, शेवटी 50 प्रश्नांची परीक्षा, उत्तीर्ण व्हायला 75 टक्के. पाठांतर करण्यासारखं यात फार नाही. एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचं आपोआप सुटतं: दाब. समुद्रसपाटीला 1 बार, 10 मीटरवर 2, 20 मीटरवर 3. म्हणजे पहिल्या 10 मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, आणि म्हणून कानाचा बहुतेक त्रास वरच्या काही मीटरमध्ये होतो. उलट 10 मीटरवर भरलेलं फुप्फुस श्वास रोखून वर आणलं तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते. स्कूबाचा पहिला नियम 'श्वास कधीही रोखू नका' हा आहे तो यामुळे. दीड मीटरवरूनसुद्धा श्वास रोखून वर आलं तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणजे तलावातही हा नियम तितकाच कडक.

हवेचा हिशेबही याच दाबातून येतो. नेहमीचं अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर 11.1 लिटरचं असतं. 200 बारला त्यात सुमारे 2,220 लिटर हवा मावते. 50 बार राखीव ठेवले की हाताशी 1,665 लिटर. वर मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्या माणसाला 10 मीटरवर 40 लागतात, म्हणजे 41 मिनिटं. 18 मीटरवर 56 लिटर, म्हणजे जेमतेम अर्धा तास. नवखा माणूस घाबरून याहून जास्त ओढतो. पॅडीच्या तक्त्यात 18 मीटरला, वर येताना सक्तीचा थांबा न घेता, राहायची कमाल मर्यादा 56 मिनिटं आहे, पण पहिल्या डाइव्हला हवा त्याच्या खूप आधी संपत येते. म्हणून हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे दर दोन-तीन मिनिटांनी बघायची सवय लावून घ्यायची.

विकत घ्यावा असा एकच जिन्नस: स्वतःचा मास्क. बाकी सगळं भाड्याने चालतं. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास आत घ्यायचा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीवाल्यांना इथे अडचण येते. केसांच्या फटीतून पाणी आत येतं. नाकाखाली बोटभर उंचीची पट्टी वस्तऱ्याने साफ केली तर सिलिकॉन कातडीवर बसतं आणि खालची मिशी राहते. व्हॅसलीन लावू नका, त्याने सिलिकॉन खराब होतं. नव्या मास्कच्या काचेला कारखान्यातला पातळ थर असतो, टूथपेस्टने आतून तीन-चारदा घासला नाही तर तो सारखा धुरकट होतो. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसवलेला मास्क मिळतो. माझा मास्क 2,600 रुपयांना पडला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली असं करत तारकर्लीला उतरलो. पहिले दिवस तलावात. साहित्य जोडणं हा पहिला धडा आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटला. आधी सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख वाचायची. भारतात या सिलिंडरांचे नियम पेसो ही केंद्रीय यंत्रणा बघते, तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. मग व्हॉल्व्हच्या तोंडातली ओ-रिंग. कुकरच्या रिंगसारखीच ती कडक झाली, चिरली की गळते. सुस्कारा ऐकू आला तर सिलिंडर बंद करून रिंग बदलायची, आवळून आवळून चालवायचं नाही. बीसीडी म्हणजे हवा भरून तरंगता येणारं जॅकेट. त्याचा पट्टा सिलिंडरला ओला करून आवळायचा, कारण सुका पट्टा पाण्यात गेल्यावर सैल पडतो. मग रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं साधन. त्याचा पहिला टप्पा, म्हणजे व्हॉल्व्हवर बसणारा भाग, बसवायच्या आधी त्याची टोपी कोरडी आहे ना ते बघायचं. मग काट्याची काच आपल्यापासून दुसरीकडे वळवून व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा.

आता काट्याकडे बघत रेग्युलेटरमधून चार-पाच जोरदार श्वास घ्यायचे. काटा जागचा हलला नाही तर ठीक. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. वर, जमिनीवर हवा बरोबर येते, पण खोल पाण्यात गेल्यावर ती अपुरी पडते. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती कुणी दुसऱ्याने केली असली तरी स्वतः करायची. हवेला वासही असता कामा नये. तेलाचा, धुराचा जरा जरी वास आला तर ते सिलिंडर बाजूला. एका ठिकाणी कंप्रेसरची हवा ओढायची नळी इंजिनच्या धुराड्याच्या वाऱ्याखाली ठेवलेली पाहिली होती. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, धुराचा वास हाच एक इशारा, आणि खोल पाण्यात त्याचा परिणाम वाढतो. सेंटरवर गेल्यावर कंप्रेसर बघायला मागा, चांगले लोक आनंदाने दाखवतात.

तलावातल्या कौशल्यांपैकी मास्क काढून परत घालणं बहुतेकांना जड जातं. मलाही भीती वाटली. नाकात पाणी जाईल या कल्पनेनेच श्वास अडकतो. उपाय असा की आधी उथळ पाण्यात, मास्क न लावता, नुसता रेग्युलेटर तोंडात धरून चेहरा बुडवून दोन-तीन मिनिटं श्वास घेत राहायचं. नाक उघडं असूनही तोंडाने श्वास चालतो हे शरीराला पटलं की पुढचं सोपं होतं. मास्कमधलं पाणी काढताना वरची कड दाबायची, किंचित वर बघायचं आणि नाकाने सावकाश सोडायचं. एकदम फुंकलं तर हवा वरून निसटते आणि पाणी तसंच राहतं.

हातवाऱ्यांमध्ये एक गोष्ट घोटून घ्या. आपण 'मस्त' म्हणून अंगठा वर करतो. पाण्यात त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. भाचा आणि मी जेवायला बसतानाही तसंच करत होतो.

बुडण्यासाठी अंगावर लावायच्या वजनाचंही सांगतो. बीसीडी रिकामं, नेहमीएवढा श्वास घेऊन तो रोखला की पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. श्वास सोडला की हळू बुडायला हवं. ही चाचणी अर्थातच पृष्ठभागावर करायची. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून अडीच टक्क्यांच्या आसपास जड, म्हणून साहित्यासकट नव्वद-शंभर किलोच्या माणसाला तलावापेक्षा समुद्रात दोन-अडीच किलो जादा लागतात. शिवाय भरलेल्या सिलिंडरमधली हवाच अडीच किलोच्या वर भरते, ती संपत आली की माणूस हलका होतो. शेवटी पाच मीटरवर थांबता आलं पाहिजे, इतकं वजन सुरुवातीलाच धरायचं.

समुद्रातले पहिले दोन डाइव्ह 12 मीटरच्या आत, पुढचे दोन 18 पर्यंत. बोटीवरून उडी मारण्याआधी बडी चेक, म्हणजे जोडीदारांनी एकमेकांचं साहित्य तपासणं: बीसीडी भरतं-उतरतं का, वजनं, बकला, हवा, मग शेवटची नजर. आमचे इन्स्ट्रक्टर मालवणचेच. उतरताना ते एकच गोष्ट सांगत राहिले, "काका, कान दुखूक लागलो तर खाली जाव नकात, जरासे वर येवा." कान दुखायच्या आधीच, पहिल्या मीटरपासून, दर अर्ध्या-एक मीटरला नाक दाबून हलकी फुंकर किंवा गिळणं. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. सर्दीची गोळी खाऊन उतरणारे असतात, पण गोळीचा परिणाम खाली असतानाच उतरला तर वर येताना सायनसमध्ये हवा अडकते आणि तेव्हा थांबून राहायचा पर्याय नसतो, कारण हवा मोजकी असते.

पाणी गढूळ असल्यामुळे जोडीदार दिसेनासा होणं ही इथली खरी शक्यता आहे. नियम असा: एक मिनिट आजूबाजूला बघायचं, नाही दिसला तर सावकाश वर यायचं आणि पृष्ठभागावर भेटायचं. खाली शोधत राहायचं नाही. वर यायचा वेग मिनिटाला 18 मीटरच्या आत, आणि हल्ली 9 मीटरच चांगला मानतात. 5 मीटरवर 3 मिनिटं थांबा. वेळ डाइव्ह कॉम्प्युटरवर, म्हणजे खोली आणि वेळ दाखवणाऱ्या यंत्रावर बघायची. शेवटी सहा ते नऊ मीटरवरून एकाच श्वासात, सतत 'आ' करत हवा सोडत वर येण्याचा सरावही झाला. हवा संपली आणि जोडीदार लांब असला तर हा शेवटचा मार्ग.

आता कोल्हापूरकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. डायव्हिंगनंतर विमानात लगेच बसू नये हे सगळे सांगतात: एका डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर 18. पण तारकर्लीहून कोल्हापूरला येणारा माणूस विमानात न बसताच वर चढतो. डायव्हिंगच्या हिशेबात समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या वर 'उंची' सुरू होते. कोल्हापूर साडेपाचशेच्या वर आहे, घाटमाथा त्याहून उंच. कोल्हापुरात हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के कमी भरतो. शरीरात विरघळलेला नायट्रोजन त्या कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. विमानाचा नियम साधारण 600 मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे, घाट त्याच्या उंबरठ्यावर. त्यामुळे नियमात बसवत न बसता आम्ही सरळ 18 तास धरले. शेवटचा डाइव्ह दुपारी साडेबाराला संपला, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहानंतरच गाडी घाटाकडे निघाली. एका रात्रीचे 1,800 रुपये जादा गेले. रविवारी दुपारी डाइव्ह आणि सोमवारी सकाळी कोल्हापुरात ऑफिस, अशी आखणी करणाऱ्यांनी सोमवारची रजा आधीच टाकावी.

त्या एका दिवसात अंगावर लक्ष ठेवा. सांध्यात खोल दुखणं, हातपाय बधिर होणं, कातडीवर जाळीसारखे निळसर-लाल चट्टे, गरगरणं, कामाच्या मानाने फार थकवा. यातलं काही दिसलं तर आडवं करा, शुद्ध ऑक्सिजन द्या आणि सेंटरला, डॉक्टरांना कळवा. दुखणं सोसत घाट चढून कोल्हापूर गाठायचा आग्रह नको. यावरचा उपचार दाबाच्या चेंबरमध्ये होतो, जखमांसाठी ऑक्सिजन देणारं प्रत्येक यंत्र या कामाचं नसतं. तुमच्या सेंटरचा आपत्कालीन आराखडा कोणत्या चेंबरकडे बोट दाखवतो, तिथपर्यंत कसं न्यायचं ठरलंय, हे पहिल्या दिवशीच विचारून फोनमध्ये लिहून ठेवा. डायव्हिंगचा विमाही वेगळा काढावा लागतो, कारण साध्या मेडिक्लेममध्ये असे खेळ पुष्कळदा वगळलेले असतात.

कार्ड ईमेलवर आलं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग नोंदणीच्या वेळी पासपोर्टप्रमाणे दिलंत तर परदेशातही अडत नाही. भाच्याचं कार्ड ज्युनियर ओपन वॉटर. पंधरा पुरी होईपर्यंत त्याने प्रमाणित मोठ्या माणसासोबतच उतरायचं, नंतर ते आपसूक पूर्ण दर्जाचं होतं. कार्डाला मुदत नसते, पण सहा महिने-वर्षभर पाण्यात उतरला नसाल तर पुढच्या हंगामात आधी तलावात एक उजळणीचं सत्र घ्या. आम्ही ते पुढच्या ऑक्टोबरसाठी ठरवून ठेवलंय, वैद्यकीय फॉर्मही तेव्हा नव्याने भरावा लागेल.